नेब्रास्काचा संघ यंदा काय करील?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेच्या मध्यभागातल्या नेब्रास्का राज्यात एकच विषय चालतो: यंदा आपला संघ काय करील? संघ म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, एकमेकांवर आदळत खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. गेली काही वर्षे मी उन्हाळ्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत लिंकनला लेकीकडे राहते. लिंकन ही राज्याची राजधानी आणि विद्यापीठाचेही गाव. दुकानात, ग्रंथालयात, दाताच्या डॉक्टरकडे, कुठेही जा, लोक २०२६ च्या मोसमाबद्दल बोलत असतात. इथे व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही, त्यामुळे शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांचा जीव या कॉलेजच्या मुलांत. सामन्याच्या शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये ऐंशी हजारांच्या वर माणसे बसतात. त्या दिवशी ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर म्हणजे स्टेडियमच, असे इथले लोक कौतुकाने सांगतात. १९६२ सालापासून या मैदानावरच्या एकाही सामन्याची तिकिटे शिल्लक राहिलेली नाहीत.

आपल्या अंकात हे कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. त्याचे कारण पुढे येईलच. आधी रीतीप्रमाणे संघाचा अंदाज सांगते, कारण खेळातले काही न कळता खेळावर टीका करणाऱ्या बायका म्हणून आपली बोळवण करणे फार सोपे असते.

गेल्या मोसमात, २०२५ साली, नेब्रास्काने सात सामने जिंकले आणि सहा हरले. आकडा दिसतो त्याहून गोष्ट वाईट आहे. पहिल्या दहांपैकी सात जिंकून झाले होते आणि मग शेवटचे तिन्ही गेले: पेन स्टेट, आयोवा आणि लास व्हेगासच्या बोल सामन्यात यूटा. तिन्ही मोठ्या फरकाने. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी क्वार्टरबॅक डिलन रायोला याचा पाय मोडला. (क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू.) मोसम संपल्यावर तो नेब्रास्का सोडून ओरेगॉनला गेला. हल्ली खेळाडूंना असे विद्यापीठ बदलता येते. त्याच्या जागी नेवाडातल्या लास व्हेगास विद्यापीठातून अँथनी कोलँड्रिया आला आहे. चेंडू फेकण्याइतकाच तो पळण्यातही चपळ आहे, म्हणून संघाचा खेळ थोडा बदलेल. एमेट जॉन्सन हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू गेल्या साली चौदाशेच्या वर यार्ड धावला होता, तो व्यावसायिक फुटबॉलकडे वळला. ती जागा एकट्याने भरून काढेल असा कोणी मला दिसत नाही. समोरचा संघ धावून यार्ड मिळवू लागला की नेब्रास्काची बचावफळी गेल्या साली फाटत असे. त्यासाठी रॉब ऑरिच हा नवा प्रशिक्षक आणला आहे. वेळापत्रकात ओहायो स्टेट, ओरेगॉन आणि गेल्या साली देशात अजिंक्य ठरलेले इंडियाना आहेत. मला सात विजय दिसतात. पाय कोणाचे मोडले नाहीत आणि नशीब बरे असले तर आठ.

मुख्य प्रशिक्षक मॅट रूल याची नोकरी मात्र पक्की. २०२२ च्या अखेरीला त्याला आठ वर्षांसाठी सात कोटी चाळीस लाख डॉलरच्या करारावर आणले होते आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मुदत २०३२ पर्यंत वाढवली. तिसऱ्या वर्षी संघ उसळी घेतो अशी त्याची ख्याती होती. ती उसळी लिंकनमध्ये आली नाही.

हा झाला अंदाज. अशी भाकिते सांगणारी मासिके इथे उन्हाळ्यात ढिगाने येतात. प्रत्येक खेळाडूची उंची, वजन, शंभर मीटरची वेळ, गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळे त्यांत असते. एक रकाना मात्र कधीच नसतो: या संघातल्या एखाद्या मुलाविरुद्ध उद्या एखादी मुलगी तक्रार घेऊन आली, तर ती कोणाकडे जाईल, आणि शनिवारच्या सामन्याआधी तिचे काय होईल?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. नेब्रास्काचा १९९५ चा संघ कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सर्वोत्तम संघ म्हणून अनेक जाणकार मानतात. एकही सामना हरला नाही, अंतिम सामन्यात फ्लोरिडाला ६२-२४ असे लोळवले. त्याच मोसमाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात, संघातला लॉरेन्स फिलिप्स हा नामांकित खेळाडू रात्री आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीपाशी पोचला, तिला मारले आणि फरफटत जिन्यावरून खाली नेले. तीही खेळाडूच. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी त्याला संघाबाहेर केले. सहा सामने तो खेळला नाही. मग परत घेतले. अंतिम सामन्यात तो १६५ यार्ड धावला आणि देशाने टाळ्या वाजवल्या.

ऑस्बोर्न यांना मी खलनायक म्हणणार नाही. फिलिप्स आईबापाविना, संस्थांत वाढलेला मुलगा होता. फुटबॉल काढून घेतला तर त्याच्या आयुष्याला धरायला काही उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते प्रामाणिक असावे. पण मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती ठिकाणी ऐकले आहे! "त्याची नोकरी जाईल", "त्याचे करिअर बरबाद होईल", "पोरगा तसा वाईट नाही". दयेचा हा हिशेब नेहमी एकाच बाजूने मांडला जातो. मुलाला आधार म्हणून संघ परत मिळाला. मुलीच्या वाट्याला आले ते त्याच आवारात वावरणे, त्याच शनिवारच्या आरोळ्या ऐकणे. आणि आधार तरी मिळाला का? फिलिप्स व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकला नाही. पुढे मुलांच्या अंगावर गाडी घातल्याबद्दल आणि एका मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल तो तुरुंगात गेला आणि २०१६ साली तुरुंगातच मेला. फुटबॉलने त्यालाही वाचवले नाही.

लेकीची शेजारीण सत्तरीच्या पुढची आहे. नवरा गेल्यावरही तिने मोसमाची दोन तिकिटे चालू ठेवली आहेत. तिला मी एकदा १९९५ बद्दल विचारले. ती म्हणाली, "तसा संघ पुन्हा होणार नाही." मी फिलिप्सचे नाव काढले. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या मुलीबद्दल तेव्हा आम्ही घरात बोललोच नाही. जेवताना फक्त तो कधी परत खेळणार, एवढेच बोलायचो." हे बोलणाऱ्या बाईला दोन मुली आहेत.

त्याच विद्यापीठात १९९१ साली कॅथी रेडमंड ही विद्यार्थिनी पहिल्या वर्षाला होती. फुटबॉल संघातल्या एका खेळाडूने आपल्यावर बलात्कार केला, असे तिने पुढे सांगितले. तिच्या प्रकरणात फौजदारी खटला उभा राहिला नाही. तिने विद्यापीठावरच दावा लावला आणि तो 'टायटल नाइन' या कायद्याखाली लावला. १९९७ साली विद्यापीठाने तडजोड केली. रेडमंड यांनी नंतर हिंसक खेळाडूंविरुद्ध काम करणारी देशव्यापी संघटना उभारली आणि इतर विद्यापीठांतल्या कितीतरी मुलींना सोबत केली.

टायटल नाइन हा १९७२ चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच तो एका वाक्यात सांगतो. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. तरी त्याच्या बळावर कॉलेजात खेळणाऱ्या मुली तीस हजारांच्या आसपासवरून दोन लाखांच्या वर गेल्या. आणि १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लैंगिक छळ हासुद्धा शिक्षणातला भेदभावच आहे आणि त्यासाठी याच कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येते. रेडमंडसारख्या मुलींना वाट मिळाली ती तिथून. तडजोड झाली ते १९९७ साल म्हणजे आपल्याकडे भंवरीदेवीच्या प्रकरणातून विशाखा निकाल आला ते साल. दोन्हीकडे बायकांनी एकच गोष्ट वदवून घेतली: छळ करणारा पुरुष एकटा असला तरी जबाबदारी संस्थेची आहे.

संस्था ती कशी टाळते याचा नमुना बघायचा तर टेक्सासमधले बेलर विद्यापीठ घ्यावे. फुटबॉल खेळाडूंविरुद्ध बलात्काराच्या तक्रारी झाल्या, काहींना शिक्षाही झाल्या. बाहेरच्या वकिलांनी चौकशी केली. २०१६ च्या मे महिन्यात विद्यापीठाने तिचे निष्कर्ष जाहीर केले. फुटबॉल विभागातल्या लोकांनी काही प्रकरणांत तक्रारदार मुलींशी किंवा त्यांच्या घरच्यांशी परस्पर बोलून घेतले होते आणि बाब पुढे कळवलीच नव्हती. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढले, अध्यक्ष केन स्टार यांना पदावरून हटवले. (हे तेच स्टार, क्लिंटन यांच्या खाजगी वर्तनाची वर्षानुवर्षे चौकशी करणारे.)

त्या पडझडीनंतर बेलरचा संघ उभा करायला ज्याला आणले तो प्रशिक्षक म्हणजे मॅट रूल. पहिल्या वर्षी, २०१७ साली, बारांपैकी एक सामना जिंकला. २०१९ साली अकरा जिंकले. 'तिसऱ्या वर्षाची उसळी' ही त्याची ख्याती इथूनच आली. जे घडले ते तो येण्याआधीचे, त्याच्याकडे बोट दाखवायला काहीच जागा नाही. मला खटकते ते गोष्ट सांगण्याच्या पद्धतीत. भाकितांच्या मासिकांत बेलर म्हणजे 'खचलेला संघ' आणि रूल म्हणजे 'त्याला सावरणारा'. संघ कशामुळे खचला? जणू पूर आला होता, टोळधाड आली होती. ज्या मुली बोलल्या म्हणून ते सारे उघड झाले, त्या गोष्टीत कुठेच नाहीत.

इथे २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या आपल्या कुस्तीगीर मुली आठवल्याशिवाय राहत नाहीत. ऑलिंपिकचे पदक मिळवलेली साक्षी मलिक, जागतिक पदके जिंकलेली विनेश फोगाट. एवढे नाव कमावलेल्या मुलींनाही फूटपाथवर बसावे लागले. 'खेळाचे नुकसान होईल' हे तेव्हाही ऐकायला मिळाले. खेळ म्हणजे संघटनेची खुर्ची आणि खेळाडू म्हणजे कोणी परके, अशी ही भाषा असते.

आता पैशाकडे येते, कारण यंदाच्या मोसमात खरी नवी गोष्ट तीच आहे. आजवर कॉलेजचे खेळाडू नावाला हौशी होते. शिष्यवृत्ती मिळे, पगार नाही. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने एका मोठ्या दाव्यातली तडजोड मंजूर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा मिळाली. मुलांच्या अंगमेहनतीवर विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी कंपन्या गबर झाल्या होत्या. ज्याने घाम गाळला त्याला पैसा मिळावा, याबद्दल आपल्या चळवळीत दुमत असायचे कारण नाही. त्या मुलांत गरीब घरची काळी मुले किती आहेत हे पाहिले तर मुळीच नाही.

पण वाटणी कशी? मोठ्या विद्यापीठांत ढोबळ प्रमाण पुढे आले ते असे: शंभरातले पंचाहत्तर फुटबॉलला, पंधरा मुलांच्या बास्केटबॉलला, पाच मुलींच्या बास्केटबॉलला आणि उरलेले पाच बाकीच्या सगळ्या खेळांना मिळून. म्हणजे शंभरातले नव्वद मुलांना. बायडेन सरकारच्या शिक्षण खात्याने जाता जाता, २०२५ च्या जानेवारीत, या पैशालाही टायटल नाइन लागू आहे असे सांगितले होते. नव्या सरकारने फेब्रुवारीतच ते मागे घेतले. मागच्या वर्षांच्या भरपाईचे सुमारे दोनशे ऐंशी कोटी डॉलर आहेत, त्यांचीही वाटणी अशीच. त्याविरुद्ध काही खेळाडू मुलींनी लगेच अपील केले.

यावर ठरलेले उत्तर असते की फुटबॉल कमावतो, म्हणून फुटबॉल घेतो. नेब्रास्कात फुटबॉलच्या तिकिटांवर बाकीचे बरेच खेळ चालतात, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कमाई आभाळातून पडत नाही. साठ वर्षे मैदान, प्रसारणाची वेळ, वर्तमानपत्राचे पान, देणगीदारांची जेवणे, सगळे एकाच खेळाला दिले आणि मग 'बघा, तोच कमावतो' म्हणाले. घरात मुलाला दूध आणि मुलीला ताक देऊन, मुलगा अंगाने भरला म्हणून कौतुक करण्यातला हा प्रकार.

मुलींना ते मैदान दिले तर काय होते, हेही याच गावाने दाखवले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी मेमोरियल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉलचे जाळे लावले आणि विद्यापीठाच्या मुली खेळल्या. ९२,००३ माणसे आली. मुलींच्या खेळाला एवढी गर्दी त्याआधी जगात नोंदली गेली नव्हती. या स्टेडियममधल्या फुटबॉल सामन्यांचा उच्चांकही त्या दिवशी मोडला. (मैदानावरही माणसे बसवता आली म्हणून, असे फुटबॉलवाले सांगतात. सांगू देत.) व्हॉलीबॉल संघाने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले आहे. २०२५ साली तर सलग ३३ सामने जिंकून एकच हरला, तो टेक्सास ए अँड एमशी पाच सेटपर्यंत झुंजून. त्याच मोसमात फुटबॉलचे सात-सहा झाले हे आधी सांगितलेच आहे. कर्तबगारीवर पैसे वाटायचे ठरले तर लिंकनमध्ये हिशेब अवघड होईल.

आणखी एक बातमी आहे आणि तिच्याकडे मी जरा सावधपणे पाहते. नेब्रास्काने मुलींचा फ्लॅग फुटबॉल संघ सुरू करायचे जाहीर केले आहे. २०२८ पासून तो स्पर्धेत उतरेल. एवढ्या मोठ्या परिषदांतल्या विद्यापीठांत हे पहिलेच. फ्लॅग फुटबॉलमध्ये अंगावर आदळायचे नसते. कमरेला लावलेली फीत ओढली की चाल थांबते. लहान कॉलेजांच्या संघटनेत मुली २०२१ पासून हा खेळ खेळत आहेत आणि कॅन्ससमधल्या ओटावा नावाच्या छोट्या विद्यापीठाने पहिल्याच वर्षी तिथले अजिंक्यपद पटकावले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही हा खेळ आहे. तो निर्णय झाला आपल्या मुंबईत, २०२३ च्या ऑक्टोबरातल्या ऑलिंपिक समितीच्या बैठकीत. त्याच बैठकीत क्रिकेट आले म्हणून आपल्याकडे मथळे क्रिकेटचेच झाले, बाकीचे खेळ कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

सावधपणे अशासाठी, की नव्या तडजोडीने फुटबॉल संघात १०५ मुले ठेवता येतात. तेवढ्या मुलांच्या तोडीचा मुलींचा खेळच नाही. कायद्याने प्रमाण दाखवायचे तर मुलींची संख्या कुठून तरी वाढवायला हवी, नाहीतर मुलांचे छोटे खेळ बंद करायचे. कुस्ती, पोहणे, जिम्नॅस्टिक्स असे मुलांचे संघ बंद पडले तेव्हा दोष मुलींना दिला गेला. २००२ साली तिथल्या कुस्ती प्रशिक्षकांची संघटना टायटल नाइनच्या नियमांविरुद्ध कोर्टात गेली होती. शंभर मुलांच्या संघातली दहा मुले कमी करा, असे मात्र कोणी म्हणत नाही. तेव्हा फ्लॅग फुटबॉल हा संख्या भरून काढायचा स्वस्त उपाय होऊ शकतो. संघ आहे, पण प्रशिक्षक अर्धवेळ, सराव रात्री नऊला आणि प्रवास बसने. तसे होईल की मुलींना खरोखर मैदान मिळेल, हे पहिल्या अंदाजपत्रकात दिसेल.

इथल्या विद्यार्थिनींच्या एका गटाशी मी अधूनमधून बोलते. त्यांना मी सुचवले आहे की भाकितांच्या मासिकासारखेच एक पान तुम्ही काढा. रकाने असे: खेळाडूंना वाटलेल्या पैशातला किती हिस्सा मुलींना गेला. मुलींच्या संघांच्या किती मुख्य प्रशिक्षक स्त्रिया आहेत. (व्हॉलीबॉलची डॅनी बुसबूम केली आहे, ती याच संघातून खेळलेली.) खेळाडूंविरुद्ध तक्रार आली तर निलंबनाचा निर्णय कोण घेतो, प्रशिक्षक की त्याच्या विभागाबाहेरचे कोणी. तक्रार आल्यापासून तो निर्णय होईपर्यंत किती सामने खेळले गेले. शेवटचा रकाना त्यांना फार आवडला, कारण सामन्यांत मोजलेला वेळ इथे सगळ्यांना चटकन कळतो. एकीने लगेच १९९५ चे सहा सामने फळ्यावर लिहिले.

पान पहिल्या सामन्याच्या आधी निघायचे आहे. स्टेडियमच्या दाराशी वाटायला परवानगी लागते आणि तिचा अर्ज केला आहे. न मिळाल्यास शेजारीणबाई आपल्या दोन तिकिटांवर एकीला आत नेणार आहेत, पिशवीत पाने घेऊन.